न खपलेले नांगर
उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्या चरित्रावरून एक अभ्यासपाठ

पाठाचा हेतू

सुधारलेले अवजार, सुधारलेले बियाणे किंवा नवी पद्धत गावात नेणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्यास एक अनुभव हटकून येतो. वस्तू चांगली असते, तिचा फायदा हिशेबाने सिद्ध झालेला असतो, आणि तरीही शेतकरी ती घेत नाही. अशा वेळी 'लोक अडाणी आहेत' असे म्हणून मोकळे होण्याचा मोह पडतो. हा मोह किती घातक आहे व त्यावर मात कशी करता येते, हे समजून घेण्यास महाराष्ट्रातील एका थोर कारखानदाराचे चरित्र फार उपयोगी आहे. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांनी केलेले पहिले लोखंडी नांगर विकले जाण्यास तब्बल २ वर्षे लागली. पुढे याच नांगराच्या बळावर एक उजाड माळ कारखान्यांचे गाव बनला. या दोन गोष्टींच्या मध्ये जे घडले, त्याचा अभ्यास येथे करावयाचा आहे.

बालपण व शिक्षण

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. वडील काशिनाथपंत हे वेदान्ताचे व्यासंगी होते. मुलाने घराण्याच्या रीतीस धरून विद्या संपादन करावी, अशी त्यांची अपेक्षा होती. परंतु लक्ष्मणरावांचे चित्त शाळेच्या पुस्तकात फारसे रमले नाही. त्यांना दोन गोष्टींचा नाद होता : चित्रे काढणे आणि यंत्रे पाहणे. वडिलांच्या मनाविरुद्ध, परंतु थोरले बंधू रामचंद्रपंत ऊर्फ रामूअण्णा यांच्या आर्थिक साहाय्याने ते १८८५ साली मुंबईस जे. जे. कलाशाळेत दाखल झाले.

तेथे दोन वर्षांनी एक अनपेक्षित अडचण उभी राहिली. काही रंगांतील भेद आपल्या डोळ्यांस नीट ओळखता येत नाही, असे त्यांना आढळून आले. चित्रकार होऊ इच्छिणाऱ्या तरुणास याहून मोठा आघात कोणता? तथापि ते हात जोडून बसले नाहीत. रंग सुटले तरी रेषा हातात होती. त्यांनी यंत्रांची रेखाचित्रे काढण्याचे शिक्षण चालू ठेवले व पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्याच विषयाचे शिक्षक झाले. तेथील कार्यशाळेत फावल्या वेळी स्वतः राबून त्यांनी यंत्रे चालविण्याचे, खोलण्याचे व जोडण्याचे ज्ञान मिळविले. योग्यता असूनही बढती डावलली गेली, तेव्हा नोकरीचा राजीनामा देऊन ते बेळगावास परतले.

त्यांच्याजवळ या वेळी भांडवल फारसे नव्हते. होती ती तीन गोष्टींची पुंजी : रेषेची समज, यंत्राची माहिती आणि पाठीशी उभा असलेला थोरला भाऊ.

सायकलीच्या दुकानापासून कडबा कापण्याच्या यंत्रापर्यंत

बेळगावात या दोघा बंधूंचे सायकलींचे दुकान होते. 'किर्लोस्कर ब्रदर्स' या नावाचा आरंभ १८८८ साली झाला. त्या काळी सायकल ही नवलाईची वस्तू होती. ती विकावयाची तर घेणाऱ्यास तीवर बसावयास शिकवावे लागे आणि मोडली तर दुरुस्तही करून द्यावी लागे. नवी वस्तू विकणे म्हणजे ती वापरावयास शिकविणे व बिघडल्यास नीट करून देणे, हा धडा या दुकानातच मिळत होता.

दुकान चालले, तरी परदेशी माल आणून विकण्यात लक्ष्मणरावांचे समाधान नव्हते. स्वतः काहीतरी घडवावे, आणि तेही आपल्या भागातील बहुसंख्य लोकांच्या, म्हणजे शेतकऱ्यांच्या, उपयोगाचे घडवावे, या विचाराने त्यांनी लहानशी कार्यशाळा काढली. त्यांच्या आरंभीच्या मालापैकी एक म्हणजे कडबा कापण्याचे यंत्र होय. जनावरांपुढे ज्वारीचा अख्खा कडबा टाकला असता ती पाला व कोवळा भाग खातात आणि जाड बुडखे पायाखाली तुडवितात. तोच कडबा बारीक कापून घातला तर नासाडी पुष्कळच कमी होते. दुष्काळी मुलुखात वैरणीची ही बचत किती मोलाची असते, हे शेतकऱ्यास निराळे सांगावयास नको.

यानंतर लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर करण्याचे ठरविले.

देशी नांगर व लोखंडी नांगर यांतील फरक

पुढील भाग समजण्यासाठी या दोन अवजारांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. आपला देशी नांगर बहुधा बाभळीच्या लाकडाचा असतो. त्याच्या खोडाच्या टोकाशी लोखंडी फाळ बसविलेला असतो. हा फाळ जमीन फाडत जातो, परंतु माती पलटवीत नाही. तास वर रुंद व खाली निमुळते होते आणि दोन तासांच्या मध्ये न नांगरलेली माती राहून जाते. म्हणून संपूर्ण रान फोडावयाचे तर उभी व आडवी अशी पुन्हा नांगरट करावी लागते.

लोखंडी नांगरास फाळाच्या वर एक वाकदार पाते असते. फाळाने कापलेला मातीचा पट्टा या पात्यावरून चढतो व उलटा होऊन बाजूला पडतो. त्यामुळे वरचे तण व धसकटे खाली गाडली जातात आणि खालची माती वर येऊन उन्हाने तापते. दख्खनच्या भारी काळ्या जमिनीत हरळी व कुंदा यांची मुळे खोलवर पसरून पीक खाऊन टाकतात. अशा रानाची खोल नांगरट करून, उन्हाळाभर ढेकळे तापू देऊन, मुळ्या वेचून काढल्या असता हे तण आटोक्यात येते. लाकडी नांगराने हे काम नीट साधत नाही.

असे हे अवजार होते. तरीही ते २ वर्षे विकले गेले नाही.

शेतकऱ्याने नांगर का घेतला नाही?

याचे कारण म्हणून एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. लोखंडाने जमिनीत विष भिनते व तिचा कस जातो, अशी लोकांची समजूत होती. ही समजूत चुकीची होती यात शंका नाही. देशी नांगराच्या टोकासही लोखंडाचाच फाळ असतो, ही गोष्ट दाखवून देता येण्यासारखी होती. परंतु केवळ त्या समजुतीकडे बोट दाखवून थांबणे बरोबर नाही. त्या काळच्या गावगाड्याचा विचार केला, तर संशयाची आणखी काही रास्त कारणे समोर येतात.

पहिले कारण दुरुस्तीचे. लाकडी नांगर गावचा सुतार करी व फाळ गावचा लोहार शेवटून देई. त्याबद्दल त्यांना सुगीच्या वेळी धान्याच्या रूपाने बलुते मिळे. ऐन पेरणीच्या तोंडावर नांगर मोडला तरी शेतकरी त्याच दिवशी पुन्हा रानात जाऊ शके. लोखंडी नांगराचा ओतीव भाग तडकला, तर गावात तो नीट करणारा कोण? मृग निघून गेल्यावर आलेला सुटा भाग काय कामाचा?

दुसरे कारण पैशाचे. बलुत्यावर मिळणारे अवजार व रोख रक्कम मोजून घ्यावयाचे अवजार यांत मोठे अंतर आहे. ज्याच्या घरी रोख पैसा वर्षातून एकदाच येतो, तो परीक्षा न झालेल्या वस्तूवर ती रक्कम सहजासहजी घालीत नाही.

तिसरे कारण बैलांचे. भारी जमिनीत खोल नांगरटीस एकाहून अधिक जोड्या जुंपाव्या लागतात. एका जोडीच्या शेतकऱ्यास शेजाऱ्याशी सावड करावी लागते. म्हणजे नव्या नांगराचा निर्णय त्याच्या एकट्याचा नव्हताच, तो सावडीतील साऱ्यांचा होता.

चौथे कारण सर्वांत मोठे. नवा प्रयोग फसला, तर कारखानदाराचा एक नांगर फुकट जातो. शेतकऱ्याचे मात्र एक वर्ष जाते, आणि त्या वर्षावर त्याचे कुटुंब जगावयाचे असते.

ही चारही कारणे कानामात्रेच्या फरकाने आजही प्रत्येक नव्या वस्तूस लागू पडतात. जो कार्यकर्ता 'समजूत चुकीची आहे' एवढेच सांगतो, त्याने पाचांपैकी एका शंकेचे उत्तर दिलेले असते. उरलेल्या चार शंका शेतकरी बोलून दाखवीत नाही. तो फक्त नांगर घेत नाही.

२ वर्षांनी पहिले नांगर विकले गेले. ज्याने ते घेतले त्याच्या रानात इतरांना ते चालताना पाहता आले. आपल्याच भागातील, आपल्यासारख्याच जमिनीत, ओळखीच्या माणसाने हाकलेला नांगर जे सांगतो, ते छापील जाहिरात सांगू शकत नाही. मागणी हळूहळू वाढू लागली आणि बेळगावच्या कार्यशाळेस बरे दिवस दिसू लागले.

उठलेला मांडव व मिळालेला माळ

याच सुमारास दुसरे संकट आले. नव्या वसाहतीच्या योजनेसाठी कार्यशाळेची जागा नगरपालिकेने मागितली. वर्षानुवर्षे खपून उभारलेला मांडव उचलावयाचा आणि जावयाचे कोठे, हा प्रश्न होता.

लक्ष्मणरावांची ओळख औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्याशी होती. बाळासाहेब स्वतः चित्रकार व कलेचे भोक्ते होते. औंध येथील एका सभामंडपाचे काम लक्ष्मणरावांनी अंगावर घेतले होते, आणि ते कसे पार पाडतात हे राजेसाहेबांनी पाहिले होते. अडचण कळताच त्यांनी आपल्या संस्थानातील कुंडल रोड या रेल्वे स्थानकाजवळची ३२ एकर जमीन देऊ केली व १०,००० रुपयांचे बिनव्याजी कर्जही दिले. लक्ष्मणरावांपाशी तारण ठेवण्याजोगे काही नव्हते. त्यांनी आधी केलेले काम हेच त्यांचे तारण ठरले.

जमीन मिळाली खरी, परंतु ती कशी? पाण्याची वाण, चोहोकडे निवडुंगाची दाट बेटे आणि त्यांत नागांची वस्ती. अशा माळावर १९१० साली लक्ष्मणराव आपले सुमारे २५ कामगार व त्यांची कुटुंबे घेऊन उतरले. निवडुंग तोडणे, राहावयास छपरे घालणे व भट्टी पेटविणे ही सारी कामे बरोबरच सुरू झाली. रेल्वे जवळ होती, म्हणून कच्चा माल आणणे व तयार नांगर धाडणे शक्य होते. एवढीच काय ती त्या जागेची जमेची बाजू. याच वस्तीचे पुढे किर्लोस्करवाडी असे नाव पडले. आज हे गाव सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यात आहे.

माणसांवर टाकलेला विश्वास

वाडीत केवळ यंत्रे बसविण्यात आली नाहीत, तर एक नमुनेदार गाव वसविण्याचा हेतू तेथे होता. कामगारांच्या राहण्याची, आरोग्याची व मुलांच्या शिक्षणाची काळजी घेण्यात आली. अस्पृश्यता पाळावयाची नाही, असा त्या वसाहतीचा दंडक होता. त्या काळच्या खेडेगावाच्या मानाने हे पाऊल धीराचे होते. शिक्षा भोगून सुटलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी राखणदारीच्या कामावर ठेवले. ज्यांच्यापासून वस्तीचे रक्षण करावयाचे, अशी ज्यांची ख्याती, त्यांच्याच हाती वस्तीचे रक्षण सोपविण्यात आले.

याचा नांगराशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध असा की, ज्या कारखान्यात माणसाला किंमत आहे, तेथे माल मन लावून घडतो. ओतकामात किंचित हयगय झाली तर फाळात पोकळी राहते. ती बाहेरून दिसत नाही, परंतु रानात दगड लागताच फाळ तुटतो. अशा कामावर प्रत्येक क्षणी देखरेख ठेवणे शक्य नसते. तेथे कामगाराचा स्वतःचा अभिमानच देखरेख करतो.

महायुद्धाचा काळ व पुढील वाढ

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. परदेशी माल येणे कमी झाल्याने देशी नांगरास मागणी वाढली, परंतु त्याच वेळी लोखंडही मिळेनासे झाले. या प्रसंगी कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांनी संस्थानातील जुन्या निकामी तोफा ओतकामासाठी दिल्या. एके काळी किल्ल्यांवर धडधडलेल्या तोफा वितळल्या व नांगर होऊन शेतात गेल्या.

१९२० साली 'किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड' ही कंपनी स्थापन झाली. त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्कर यांच्या संपादकत्वाखाली 'किर्लोस्कर खबर' हे पत्र निघू लागले. कारखान्याची व मालाची माहिती ग्राहकांपर्यंत पोहोचविणे हा त्याचा मूळ उद्देश होता. पुढे ते 'किर्लोस्कर' या नावाने मराठीतील एक नामांकित मासिक झाले, आणि 'स्त्री' व 'मनोहर' ही मासिकेही त्याच संस्थेने काढली.

नांगरापाठोपाठ उसाचे चरक, मोटेऐवजी पाणी उपसण्याचे पंप व तेलावर चालणारी इंजिने असा माल निघू लागला. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथे यंत्रशास्त्राचे शिक्षण घेऊन १९२६ साली परतले व कारखान्यात दाखल झाले. हरिहर येथे १९४१ साली यंत्रे घडविणाऱ्या यंत्रांचा, तर १९४६ साली पुणे येथे तेल-इंजिनांचा व बंगळूर येथे विजेच्या यंत्रांचा उद्योग उभा राहिला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त १९६९ साली भारत सरकारने टपाल तिकीट काढले.

कार्यकर्त्यांनी घ्यावयाचा बोध

एक. शेतकऱ्याचा नकार हा पुष्कळदा न विचारलेला प्रश्न असतो. तो प्रश्न शोधून काढावा. दुरुस्ती कोठे होईल, पैसा कोठून येईल, जोडीला कोण लागेल व फसल्यास नुकसान कोण सोशील, या चार प्रश्नांची उत्तरे हाती नसताना नवी वस्तू गावात नेऊ नये.

दोन. प्रात्यक्षिक सरकारी मळ्यावर झाले तरी पुरे होत नाही. ते गावातल्या सर्वसाधारण शेतकऱ्याच्या रानात, त्याच्याच हातून व्हावे. गावातील सर्वांत सधन बागायतदाराची निवड केल्यास इतर लोक 'त्याला परवडते' असे म्हणून निघून जातात.

तीन. एकाच प्रात्यक्षिकावर निराश होऊ नये. परंतु थांबण्याच्या काळात स्वस्थही बसू नये. शेतकरी जो दोष दाखवितो तो टिपून घ्यावा व अवजार करणाऱ्यापर्यंत पोहोचवावा.

चार. एका अवजाराचे गुण सर्व जमिनींना सारखे लागू नसतात. भारी, तणकट रानास खोल नांगरट हितकर असली, तरी हलक्या व उथळ जमिनीत ती दरवर्षी केल्यास ओल उडते व मातीची धूप वाढते. उताराच्या रानात नांगरट नेहमी उतारास आडवी करावी. आज बैलांची जागा बहुतेक ठिकाणी ट्रॅक्टरने घेतली आहे, म्हणून खोल नांगरणे सोपे झाले आहे, परंतु जे सोपे ते दरवेळी आवश्यक असतेच असे नाही.

पाच. एकट्यास न परवडणारे यंत्र गट करून घेता येते किंवा भाड्याने आणता येते. पूर्वीची सावड हीच या सहकाराची जुनी रीत होय. तिची आठवण गावकऱ्यांना करून द्यावी.

गावातील होतकरू तरुणांसाठी

ज्या तरुणास स्वतःचा धंदा काढावयाचा आहे, त्याने या चरित्रातील आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. लक्ष्मणरावांचे दोन मार्ग बंद झाले आणि एकदा जमलेला पसाराही उठला. चित्रकला डोळ्यांमुळे सुटली, नोकरी अन्यायामुळे गेली व बेळगाव जागेमुळे सोडावे लागले. प्रत्येक वेळी त्यांनी गेलेल्या गोष्टीतून उरलेले काय, हे पाहिले. चित्रकलेतून रेखाचित्र उरले, नोकरीतून यंत्रज्ञान उरले आणि बेळगावातून जमविलेली माणसे उरली. किर्लोस्करवाडीचा पाया या तीन उरलेल्या वस्तूंवर घातला गेला. गावातच अवजार-दुरुस्तीची लहानशी कार्यशाळा काढणे हा आजही उपयोगाचा धंदा आहे, कारण दुरुस्तीची सोय जवळ असली म्हणजे नव्या अवजाराबद्दलचा अर्धा संशय आपोआप फिटतो.

चर्चेसाठी प्रश्न

पुढील प्रश्न गावातील बैठकीत वाचून दाखवावेत व प्रत्येकास बोलू द्यावे.

१. आपल्या गावात गेल्या काही वर्षांत आलेली कोणती नवी वस्तू लोकांनी घेतली नाही? तिच्याबाबत वर सांगितलेल्या कारणांपैकी कोणते कारण लागू पडते?

२. आपल्या गावात अवजार मोडल्यास ते किती अंतरावर व किती दिवसांत दुरुस्त होते? पेरणीच्या दिवसांत ही स्थिती काय असते?

३. आपल्या शिवारात हरळी व कुंदा यांनी व्यापलेली राने कोणती व उथळ, हलकी राने कोणती? यांपैकी कोठे खोल नांगरट करावी व कोठे टाळावी?

४. गटाने मिळून घेण्यासारखे एक अवजार कोणते? ते कोणाकडे राहील, पाळी कशी ठरेल व दुरुस्तीचा खर्च कोण देईल?

बैठकीत जी उत्तरे मिळतील ती कार्यकर्त्याने वहीत लिहून ठेवावीत. पुढच्या हंगामात गावात काय न्यावयाचे, हे त्या वहीवरून ठरवावे.